भरतीच्या पाण्यावर तरंगती चाकं

इ. स. ५३७. रोमला गॉथ सैन्याचा वेढा पडलेला. त्यांनी आधी शहरात पाणी आणणारे कालवे तोडले. प्यायच्या पाण्याचे हाल झालेच, शिवाय त्या पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या चक्क्याही बंद पडल्या. शहरात धान्य होतं, पण दळायचं कशावर? सेनापती बेलिसॅरियसने टायबर नदीत दोन-दोन होड्या जोडीने बांधल्या, मधल्या फटीत पाणचक्कीचं चाक बसवलं आणि जाती होड्यांवर चढवली. नदी वाहतेय तोवर दळण चालू! गॉथांना पत्ता लागताच त्यांनी वरच्या अंगाने ओंडके आणि प्रेतं सोडायला सुरुवात केली, चाकं मोडावीत म्हणून. बेलिसॅरियसने नदीत आडवी साखळी ताणली. येईल ते साखळीला अडायचं, माणसं ते काठावर ओढायची, आणि रोमला पीठ मिळत राहायचं. प्रोकोपियस हा इतिहासकार त्या मोहिमेत सोबत होता, त्याने हे सगळं नोंदवून ठेवलं आहे.

पाणी चढलं की होडी चढते, उतरलं की उतरते, आणि चाक मात्र कायम हवं तेवढंच बुडलेलं राहतं. ही युक्ती पुढे बगदाद-मोसुलपासून डॅन्यूब आणि ऱ्हाइनपर्यंत शेकडो वर्षं चालली. आज समुद्राच्या प्रवाहातून वीज काढणारी काही उत्तमोत्तम यंत्रंही याच युक्तीवर उभी आहेत. खरं तर उभी नव्हे, तरंगती!

लंडनला पाणी पाजणारी भरती

टेम्स लंडनमधून वाहते तिथे ती निम्मी समुद्राचीच असते. भरतीला पाणी आत शिरतं, ओहोटीला बाहेर पडतं. जुन्या लंडन ब्रिजला १९ कमानी होत्या आणि खांब इतके जाडजूड, की पाण्याला जायला चिंचोळ्या फटीच उरायच्या. ओहोटीच्या वेळी पुलाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पाण्यात सुमारे २ मीटरचा फरक पडायचा. कमानीखालून होडी घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

पीटर मॉरिस नावाच्या माणसाला त्या खळाळात पंप दिसला. १५८२ मध्ये त्याने एका कमानीखाली चाक बसवलं आणि नदीचं पाणी नळांनी शहरात चढवलं. प्रात्यक्षिक दाखवताना त्याने शेजारच्या सेंट मॅग्नस चर्चच्या मनोऱ्यावरून पाण्याचा फवारा उडवला. शहराचे कारभारी इतके खूश झाले, की त्यांनी त्याला वर्षाला १० शिलिंग भाड्याने ती कमान ५०० वर्षांसाठी देऊन टाकली!

१६६६ च्या मोठ्या आगीत ही चाकं जळाली, पुन्हा उभी राहिली. १७०१ च्या सुमारास जॉर्ज सोरोकोल्ड या अभियंत्याने चाकाचा आस लांब तरफांवर टेकवला, म्हणजे नदीची पातळी बदलेल तसं चाक वर-खाली घेता येऊ लागलं. ही पाणीपुरवठा व्यवस्था १८२२ पर्यंत चालली. सव्वादोनशेहून अधिक वर्षं लंडनच्या कितीतरी घरांत भरतीच्या जोरावर पाणी येत होतं.

एक मीटर बाय एक मीटर

वीज किती मिळेल, याचा हिशेब मजेदार आहे. एक मीटर लांब-रुंद रिकामी चौकट वाहत्या समुद्रात उभी धरली आणि पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असेल, तर त्या चौकटीतून साधारण ५०० वॉटची ताकद जाते. वेग २ मीटर झाला तर? दुप्पट नाही, आठपट: ४,००० वॉट. ३ मीटरला जवळजवळ १४,००० वॉट. म्हणून या धंद्यातली माणसं वेगवान खाड्या आणि सामुद्रधुन्यांच्या मागे लागलेली असतात. वेग जरा कमी पडला की सगळं गणित कोसळतं.

पाणी हवेपेक्षा ८०० पटींहून जड असल्यामुळे मंद दिसणारा प्रवाहही पवनचक्कीच्या वाऱ्याला भारी पडतो. पण सगळी ताकद कोणालाच काढून घेता येत नाही. तशी काढली तर पाणी चाकामागे थांबून राहील आणि पुढचं पाणी येणारच नाही. मोकळ्या प्रवाहातून जास्तीत जास्त ५९.३ टक्के, ही मर्यादा आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते.

आता साधं लाकडी फळ्यांचं चाक घेऊ. फळी २ मीटर रुंद, १ मीटर बुडालेली, प्रवाह सेकंदाला २ मीटर. असं चाक एकूण ताकदीचा पाचवा हिस्सा पदरात पाडेल असं धरलं, तर दीड किलोवॉटच्या आसपास मिळतील. एका घराचे दिवे, पंखे, फ्रिज त्यात आरामात निघतात. अडचण वेगळीच आहे. फळी पाण्याच्या साधारण एक तृतीयांश वेगाने फिरली तरच सर्वांत जास्त काम देते. ४ मीटर व्यासाचं चाक या वेगात मिनिटाला जेमतेम ३ फेरे मारेल, आणि नेहमीच्या जनरेटरला हवे असतात १,५०० फेरे. एवढा वेग वाढवायचा तर दातेरी चक्रांचा पसारा मांडावा लागतो, आणि प्रत्येक चक्रात थोडी ताकद घर्षणात जाते. दळणाला संथ चाक उत्तम, विजेला ते फार संथ. म्हणून मोठ्या यंत्रांनी फळ्या सोडून विमानाच्या पंखासारखी पाती धरली. ती प्रवाहापेक्षाही वेगाने फिरतात.

ऑर्कनीची ७४ मीटर लांब नळी

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी बेटं आहेत. अटलांटिक आणि उत्तर समुद्र यांचं पाणी या बेटांमधून दिवसातून चारदा इकडून तिकडे धावतं. २००३ पासून तिथे समुद्री वीजयंत्रं तपासणारं एक केंद्र आहे. ईडे बेटाजवळच्या त्याच्या चाचणी-जागेत ‘ओ-टू’ हे यंत्र नांगरलेलं आहे. ऑर्बिटल मरीन पॉवर कंपनीने ते डंडी शहरात बांधून एप्रिल २०२१ मध्ये पाण्यात सोडलं, आणि जुलैपासून त्याची वीज किनाऱ्यावर येऊ लागली.

पृष्ठभागावर पिवळी, ७४ मीटर लांब पोलादी नळी तरंगते. तिच्या दोन्ही कुशींतून पाण्याखाली दोन लांब हात गेलेले, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला २० मीटर व्यासाचं चक्र. क्षमता २ मेगावॉट, म्हणजे तिकडच्या सुमारे २,००० घरांपुरती वीज. चार नांगरदोर समुद्रतळाला घट्ट बांधलेले. मला या यंत्रातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ते हात. दुरुस्ती आली की ते बिजागरीवर वर येतात आणि चक्रं पाण्याबाहेर निघतात. लहान बोटीतून माणसं जातात, काम करतात, परत येतात. तळाला रोवलेल्या यंत्राचं काही बिघडलं तर महागडं जहाज भाड्याने घ्या, पाणी शांत व्हायची वाट पाहा, पाणबुडे उतरवा. सगळा नफा त्यातच जायचा.

तरंगण्याचा दुसरा फायदा वेगाचा. तळाशी पाणी दगड-वाळूला घासून मंदावतं. सर्वांत जोरात वाहतं ते वरचं पाणी, आणि यंत्र नेमकं तिथेच असतं.

भरतीनंतर ओहोटी येते आणि पाणी उलटं फिरतं, तेव्हा काय? ‘ओ-टू’ची पातीच स्वतःभोवती पूर्ण फिरतात, नळी जागच्या जागी राहते. इटलीच्या मेसिना सामुद्रधुनीत याला आणखी सोपं उत्तर शोधलं गेलं. तिथे २००१ मध्ये तरंगत्या तराफ्याखाली ‘कोबोल्ड’ हे उभ्या आसाचं, ६ मीटर व्यासाचं चक्र टांगलं. पाणी कुठूनही येवो, ते एकाच दिशेने फिरतं. ही तीच सामुद्रधुनी, जिथल्या भोवऱ्यांना प्राचीन ग्रीकांनी राक्षसीण मानलं होतं.

भोवऱ्यातला लेखक आणि तुटलेली पाती

वेगवान पाणी कोणाचीच भीड ठेवत नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये जॉर्ज ऑर्वेल स्कॉटलंडच्या जुरा बेटावर ‘नाइन्टीन एटी-फोर’ लिहीत होता. भरतीचं कोष्टक वाचण्यात चूक झाली आणि त्याची छोटी होडी कोरीव्रेकनच्या भोवऱ्यात सापडली. इंजिन निखळून समुद्रात गेलं, होडी उलटली. सोबत त्याचा तीन वर्षांचा मुलगाही होता. सगळे एका खडकावर कसेबसे चढले आणि शेवंडी पकडायला आलेल्या कोळ्यांनी त्यांना वाचवलं. कादंबरी पुढे १९४९ मध्ये आली.

कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, म्हणजे पाच मजली इमारत बुडेल इतका. तिथे २००९ मध्ये समुद्रतळावर ठेवलेल्या एका यंत्राची पाती काही आठवड्यांत तुटली, कारण पाणी अंदाजापेक्षा कितीतरी जोरात होतं. न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्येही (नाव नदीचं, पण ती समुद्राचीच खाडी) पहिल्या यंत्रांची पाती मोडली. अभियंते पुन्हा कामाला लागले आणि नंतरची पाती टिकली.

तिथीची पाऊणपट

सूर्य ढगाआड जातो, वारा पडतो. भरती मात्र ठरल्या वेळी येतेच, आणि पुढच्या कित्येक वर्षांतली तिची वेळ आज सांगता येते. वीज पुरवणाऱ्यांना यापेक्षा मोलाचं काही नाही. उद्या दुपारी किती वीज येईल हे आज माहीत असेल, तर बाकीची जुळणी सोपी होते.

मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर हे ज्ञान तोंडी हिशेबात आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, मधल्या अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला प्रवाह जोरात, भांगाला मंद. वीजही तशीच कमी-जास्त होते, पण वेळापत्रकाबरहुकूम.

मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी यंत्राने मोजली जाते. हिंदुस्थानच्या बंदरांची भरतीची कोष्टकं काढण्यासाठी १८७९ मध्ये लंडनमध्ये खास यंत्र बनवलं गेलं. कप्प्यांवरून एक दोरी फिरायची, प्रत्येक कप्पी चंद्र-सूर्याच्या एकेका ओढीचं काम करायची, आणि कागदावर वर्षभराची भरती-ओहोटी रेखली जायची. संगणक यायच्या कितीतरी आधी!

भरतीची ही ताकद येते कुठून, हे ऐकून मी थक्क झाले होते. ती येते पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यातून. भरतीच्या घर्षणामुळे पृथ्वीचा वेग अगदी किंचित कमी होतो, दिवस शतकाला सुमारे २ मिलिसेकंदांनी लांबतो आणि चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो. आपण चाकं लावली नाहीत तरी हे चालूच आहे.

एकाच खाडीत १४०० वर्षं

उत्तर आयर्लंडमधल्या स्ट्रँगफर्ड खाडीत नेंड्रम नावाचा ख्रिस्ती मठ होता. तिथे भरतीचं पाणी बांधात अडवून ओहोटीला चक्कीवर सोडायचे. सापडलेल्या लाकडांवरून ती चक्की इ. स. ६१९ च्या सुमाराची ठरली. उत्खननात मिळालेल्या भरतीच्या चक्क्यांतली ही सर्वांत जुन्यांपैकी एक. त्याच खाडीच्या चिंचोळ्या तोंडाशी २००८ मध्ये ‘सीजेन’ हे १.२ मेगावॉटचं यंत्र बसलं, प्रवाहावर चालणारं आणि व्यापारी आकाराचं जगातलं पहिलं. खाडीत सील फार, म्हणून सील जवळ आला की यंत्र बंद करायची सोय होती. २०१९ पर्यंत ते काढून टाकलं गेलं.

किंमत आणि खंभात

ही वीज महाग आहे का? आहे. ब्रिटनने २०२२ मध्ये वीजखरेदीचे करार केले, तेव्हा भरतीच्या प्रवाहाच्या विजेला मेगावॉट-तासाला १७८.५४ पौंड दर मिळाला आणि समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या विजेला ३७.३५. जवळजवळ पाचपट! पण पवनचक्क्याही एकेकाळी महागच होत्या. शेकड्यांनी बसवल्या तेव्हा दर उतरले. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांत २०२१ मध्ये भरतीच्या विजेवर मोटारी चार्ज होऊ लागल्या. वापर सुरू झाला की शिकणंही सुरू होतं.

आपल्याकडे सर्वांत मोठी आशा खंभातच्या आखाताची. सरकारी अंदाजात तिथली क्षमता ७,००० मेगावॉट, कच्छच्या आखाताची १,२०० आणि सुंदरबनची सुमारे १०० धरली जाते. सुंदरबनातल्या दुर्गादुआनी खाडीवर ३.७५ मेगावॉटचा प्रकल्प ठरला होता. खर्च २३८ कोटींवर गेला, मेगावॉटमागे ६३ कोटींहून जास्त, आणि तो सोडून दिला. पण तो बांध घालून करायचा प्रकल्प होता. बांधाला सिमेंट-पोलाद लागतं, गाळ साचतो, मासळीची वाट अडते. खंभातचं पाणी तर गाळानेच गढूळ असतं. म्हणूनच तिथे आधी तरंगती यंत्रं लावून बघावीत असं मला मनापासून वाटतं. एखाद-दुसरं, लहानसं; तळाच्या गाळापासून वर, नांगर काढून हलवता येईल असं, आणि जागा निवडताना तिथल्या मच्छीमारांना विचारून. त्याच आखाताच्या काठी अलंगला १९८३ पासून उधाणाच्या भरतीवर अवाढव्य जहाजं तोडणीसाठी किनाऱ्यावर चढवली जातात. हजारो टनांचं लोखंड वाळूवर नेऊन ठेवणाऱ्या त्या पाण्यातून वीज काढायचं काम अजून व्हायचं आहे.