नसेची शिदोरी कातडीत

“काका, डोळे मिटा. पेन कुठं टेकतंय ते बोटानं दाखवा.”

धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीसारख्या गावांत कुष्ठरोग शोधमोहीम येते, तेव्हा आशाताई घरोघरी फिरून अंगावरचे चट्टे पाहतात. संशय आला की अशी तपासणी होते. दंडावरचा फिकट चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून माणूस महिनोन् महिने तिकडे पाहत नाही. पेन चांगल्या कातडीवर टेकलं की बोट नेमकं तिथं जातं. चट्ट्यावर टेकलं की बोट हलतच नाही.

तिथली संवेदना का गेली? कुष्ठाच्या जंतूंनी नस पोखरली, हे पहिलं कारण. दुसरं कारण एका प्रथिनात आहे. त्याचं नाव नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे एनजीएफ. वेदना आणि ऊन-गार कळवणाऱ्या चेतापेशी वाढीच्या काळात त्याच्यावर जगतात आणि पुढेही त्याच्या आधाराने धडधाकट राहतात. पण त्या ते स्वतः बनवत नाहीत. ते बनतं कातडीत. नसेचं टोक ते उचलतं आणि तासाला काही मिलिमीटर अशा गतीने मणक्याजवळच्या पेशीपर्यंत पोचवतं. पायाच्या अंगठ्यापासून हा प्रवास जवळजवळ मीटरभराचा आहे.

या प्रथिनाचा माग काढला इटलीच्या रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि अमेरिकेच्या स्टॅन्ली कोहेन यांनी. १९५०च्या दशकात सेंट लुईसच्या प्रयोगशाळेत कोहेन यांनी, ज्या अर्कात हे प्रथिन शोधत होते त्यातली न्यूक्लिक आम्लं मोडायला सापाचं विष घातलं आणि चेतातंतू उलट जास्तच फुटले. विषातच हे प्रथिन भरपूर होतं! विषग्रंथी म्हणजे एका परीने लाळग्रंथीच, म्हणून त्यांनी उंदराच्या लाळग्रंथी तपासल्या. तिथंही त्याचा साठा मिळाला. १९८६ साली दोघांना नोबेल मिळालं.

सस्तन प्राण्यांत अशा पोषक प्रथिनांची ठिकाणं ठरलेली आहेत. मेंदूत एनजीएफ स्मरणाशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये आणि मेंदूच्या बाहेरच्या थरात बनतं. १९८२ साली डुकराच्या मेंदूतून वेगळं केलेलं त्याचं भावंड बीडीएनएफ हेही हिप्पोकॅम्पसमध्ये विपुल असतं. सीएनटीएफ नावाचं तिसरं प्रथिन नसेला वेढणाऱ्या श्वान पेशींत साठून राहतं आणि नसेला इजा झाली की बाहेर पडतं. कुष्ठाचा जंतू नेमका याच श्वान पेशींत घर करतो.

१९९४ साली ‘लॅन्सेट’मध्ये लंडनचे डॉ. प्रवीण आनंद, मुंबईचे डॉ. सुनील पंड्या, डॉ. भीमसेन सिंघल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. कुष्ठाने बाधित कातडीत आणि नसांत एनजीएफ फार घटलेलं त्यांना आढळलं. जंतूंनी आधीच खिळखिळी केलेल्या नसेची शिदोरीही आटते, असं त्यातून दिसतं.

मग हे प्रथिन टोचून का देत नाहीत? मधुमेहामुळे बधिर झालेल्या पायांसाठी तसे प्रयोग झाले. सुरुवातीला आशा वाटली, पण मोठ्या चाचणीत ते टिकलं नाही. शिवाय हे प्रथिन वेदनाही वाढवतं. सुई टोचलेली जागा ठणकत राहायची. डोळ्याच्या बुबुळाची संवेदना हरवणाऱ्या एका आजारात मात्र त्याचे थेंब उपयोगी पडले आणि २०१८ साली अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. औषध हवं तिथंच, थेट बुबुळावर पडत होतं.

कुष्ठात आज हातात असलेला उपाय म्हणजे वेळ. बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतो. तो सहा महिने किंवा वर्षभर चालतो. बधिरपणा नवा असेल, सहा महिन्यांच्या आतला, तर स्टेरॉइडने नसेची सूज उतरवून संवेदना परत येण्याची चांगली आशा असते. उशीर झाला की चटका कळत नाही, काटा कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटं झिजू लागतात.

म्हणून दंडावर फिकट डाग दिसला, तर त्यावर पेनाचं टोक टेकवून बघा. डोळे मिटूनही बोट बरोबर जागी जायला हवं.