आपल्या उसाचे दप्तर आपल्याच घरी



गळीत हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात एकच प्रश्न दहा तोंडांनी ऐकू येतो, "साहेब, माझी तोड कधी?" आम्ही उलट विचारतो, लागण तारीख काय? मग डोके खाजवणे सुरू. "बेंदराच्या मागं-पुढं केली की ओ!" अडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. एवढ्या काळात तारीख कुणाच्या ध्यानात राहायची? कारखान्याच्या संगणकात नोंद असते हे खरे. पण आपली नोंद आपल्याजवळ नसेल तर ती पडताळायची कशाशी?

ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठच्या कैक घरांत पेट्यांतल्या कागदांचा लगदा झाला. सातबारा पुन्हा मिळतो, डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या निघतो. पण कोणत्या रानात कोणते बेणे लावले, नत्राचा हप्ता केव्हा दिला, खोडव्याला एकरी किती टन पडले, हे कोणत्या ऑफिसात मिळणार? ते गेले ते गेलेच.

संगणक आणि ऊस यांची गाठ आपल्या भागाला नवी नाही. १९९८ साली शेजारच्या वारणानगरला वारणा कारखान्याच्या परिसरातील सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याची योजना सुरू झाली. ऊसनोंद, तोडणीची परवानगी, वजन यांची माहिती गावातल्याच केंद्रात मिळू लागली. पुढे २००७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या संदेशावर तेच काम करून पाहिले गेले आणि ते भागले. यावरून आम्ही एवढेच घेतो की यंत्र भारीतले लागत नाही, नोंद मात्र वेळच्या वेळी लागते.

आज पुष्कळ घरांत पोरांच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक भरतकामाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेला दिसतो. तो रुमाल काढावा. लिबरऑफिस हा कार्यक्रम फुकट मिळतो, मराठीतही चालतो. त्यात एक तक्ता करावा. प्रत्येक रानाला एक ओळ: गट नंबर, क्षेत्र, जात, लागण तारीख, खताचे हप्ते, तोडणी तारीख, प्रत्येक खेपेचे वजन. बिल आले की वजनांची बेरीज त्याच्याशी ताडून पाहावी. मराठी टाईप करायचे ते युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टमधला हिशेब दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांची नुसती भेळ होते. फाईलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घालावा, म्हणजे फायली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. काटा पावतीचा फोटो त्याच दिवशी काढावा. गुळगुळीत कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते.

ज्यांच्या घरी हौशी मुलगा-मुलगी आहे त्यांनी आणखी एक करावे. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक मिळतो. तो थोड्याशा विजेवर चालतो, लाईट गेली तरी घरच्या इन्व्हर्टरवर तग धरतो. त्याला एक डिस्क जोडून सिंकथिंग हा फुकट कार्यक्रम घातला की घरातल्या फोनांवरचे पावत्यांचे फोटो घरच्याच वायफायवरून त्यात येऊन पडतात. इंटरनेटची गरज नाही, महिन्याचे भाडे नाही. मात्र हे साठवण घरापुरतेच ठेवावे. बाहेरून उघडता यावे म्हणून राउटरची दारे उघडण्याच्या फंदात पडू नये. कुलूप लावायला शिकल्याशिवाय वाड्याचा दरवाजा कोणी उघडा टाकत नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अशी आपोआप होणारी नक्कल म्हणजे राखीव प्रत नव्हे. फोनवरचा फोटो नातवाने पुसला तर तिकडचाही पुसला जाऊ शकतो. म्हणून एकूण तीन प्रती हव्यात: एक संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावात. नदीकाठच्या सभासदांनी ही तिसरी डिस्क डोंगराकडच्या पाहुण्यांकडे ठेवावी, दर दोन-तीन महिन्यांनी जाता-येता बदलावी. वर्षातून एकदा ती उघडून बघावी. न उघडलेल्या डिस्कचा भरवसा आम्ही धरत नाही. बँकेचे पिन-पासवर्ड मात्र या तक्त्यात लिहू नयेत.

वळवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या की संगणकाचा प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढावीत. नुसते बटण बंद करून भागत नाही. घराचे अर्थिंगही एकदा वायरमनकडून तपासून घ्यावे.

याला वेळ कुठला, असे सभासद विचारतात. आठवड्यातून अर्धा तास, बाजारच्या दिवशी रात्री. रोज थोडे करू म्हणणाऱ्याचे तिसऱ्या दिवशी बंद पडते आणि हातातला फोन उरलेली संध्याकाळ खातो. काम घरातल्या एकाच माणसाकडे द्यावे. आमच्या पाहण्यात सुना-लेकींच्या नोंदी बाप्यांपेक्षा चोख असतात, हे रागावू नका, पण खरे आहे.

रिकामा तक्ता हवा असेल त्यांनी पेन ड्राइव्ह घेऊन आपल्या गट ऑफिसात यावे. संगणक नसेल तर वही आणावी, रकाने आखून देऊ.