निःशब्द हास्याचे चित्रकार : श्री. शि. द. फडणीस

आपले मनमाड मोठे जंक्शन असल्यामुळे येथील फलाटावर मराठी, हिंदी, तेलुगू बोलणारे उतारू एकाच बाकावर बसलेले दिसतात. एकाच्या भाषेतील विनोद दुसऱ्यास कळत नाही. तथापि ज्यांच्या चित्रास हे सर्वजण एकदमच हसतील, असे एक चित्रकार महाराष्ट्रास लाभले.

श्री. शिवराम दत्तात्रेय फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी जाहिरातकलेचे शिक्षण घेतले व १९४९ साली ते पदविका परीक्षा उत्तीर्ण झाले. जाहिरातीचे चित्र वाटसरूस क्षणात उमगावे लागते; म्हणून निरुपयोगी रेघ गाळावी, हा त्या विद्येचा पहिला धडा होय. फडणिसांच्या चित्रांत तो पदोपदी प्रत्ययास येतो.

त्या काळी मासिकांच्या मुखपृष्ठांवर बहुधा सुंदर स्त्रियांची चित्रे असत. ‘हंस’, ‘मोहिनी’ व ‘नवल’ या मासिकांचे संपादक अनंत अंतरकर यांनी फडणिसांकडून तेथे हास्यचित्र काढवून घेतले. ‘मोहिनी’वरील एका चित्रात तरुणीच्या साडीवर उंदरांची व तरुणाच्या सदऱ्यावर मांजरांची नक्षी आहे. शब्द एकही नाही! चित्रातील माणसांस ज्याची वार्ता नाही, ते पाहणारास दिसते. यातच हास्याचे मर्म आहे. असे हसण्यासाठी कोणाचे व्यंग, कोणाचे दारिद्र्य वा कोणाची जात यांची थट्टा करावी लागत नाही.

जपानात १९२८ साली जन्मलेल्या ओसामू तेझुका यांच्यावर डिस्ने यांच्या चित्रपटांचा संस्कार झाला होता. चौकटीमागून चौकट योजून चलच्चित्रासारखी कथा सांगण्याची रीत त्यांनी ‘मांगा’ नामक चित्रकथांत रूढ केली. फडणिसांनी बहुधा एकच चौकट घेतली. मागे काय घडले व पुढे काय घडेल हे पाहणाराच्या बुद्धीवर सोपविले.

१९६५ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात त्यांचे ‘हसरी गॅलरी’ हे प्रदर्शन भरले. परंतु शाळेच्या दृष्टीने त्यांचे थोर कार्य निराळेच आहे. १९७० नंतरच्या दशकात ‘बालभारती’च्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांसाठी त्यांनी चित्रे काढली. अंक हे चिन्ह मुलास परके असते. चित्रातील वस्तू मात्र ओळखीच्या असतात. त्या हसत मोजल्या की अंकाची भीती ओसरते. पुष्कळ मुले गणितात मागे पडतात, ती बुद्धी नसते म्हणून नव्हे, तर आरंभीच भ्यालेली असतात म्हणून, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.

२०२५ साली फडणिसांच्या जन्मास १०० वर्षे पूर्ण झाली. मुलांनो, वर्गबंधूची नक्कल करून हशा पिकविणे सोपे आहे. ज्याला पाहून आपण हसलो त्यालाही आपल्याबरोबर हसता यावे, असा विनोद साधणे कठीण. आणि तोच शिकण्याजोगा आहे.