बैठे काम आणि वाढते वजन

कचेरीतला मनुष्य लठ्ठ झाला, की आपण त्याच्या जिभेला दोष देतो. १९५६ साली जीन मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतल्या २१३ कामगारांचे श्रम, आहार व वजन ताडून पाहिले. जड काम करणारे पुष्कळ खात, तरी सडपातळ. बैठे लोक मात्र हलके काम करणाऱ्यांहून अधिक खात, आणि वजनानेही भारी! हालचाल फार घटली की भूक तिच्याबरोबर घटत नाही, असे यावरून दिसते. मग नुसत्या उपदेशाने काय साधणार? बदलायला हवी ती कचेरी, असे आम्हांस वाटते. चहा टेबलापर्यंत येऊ नये. आपणच उठून जावे. उपाहारगृहात भज्यांहून उसळ स्वस्त असावी. आणि जिना! तो बहुधा लिफ्टमागे, अडगळीत, अंधारात असतो. तिथे एक दिवा लावायला कितीसा खर्च येतो?