रामटेकचा नागार्जुन आणि खेळातला अमर मांत्रिक

खेळाडूंनी एकेक पात्र होऊन कथा पुढे न्यायच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या खेळात जादूगार आपला आत्मा एखाद्या डबीत दडवून ‘लिच’, म्हणजे मरूनही वावरणारा मांत्रिक, बनतो. डबी शाबूत असेतो त्याचा नष्ट झालेला देह पुन्हा उभा राहतो, आणि पोपटात प्राण ठेवणाऱ्या राक्षसाची गोष्ट ऐकलेल्या मराठी वाचकाला त्यात फारसे नवल वाटणार नाही. नागपूर परिसरातील परंपरेचा मार्ग मात्र देह न टाकता तोच टिकवण्याचा आहे. रामटेकजवळची एक टेकडी नागार्जुनाच्या नावाने ओळखली जाते. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन आणि रसायनविद्येचा आचार्य नागार्जुन एकच की काय, हा वाद जुना असला तरी त्यांना वेगळे मानणेच अधिक सयुक्तिक आहे. रसशास्त्रात, म्हणजे पाऱ्याच्या विद्येत, पाऱ्यावर अठरा संस्कार सांगितले असून पहिल्या स्वेदनात औषधींसह पाऱ्याची पुरचुंडी कांजीच्या मडक्यात आडव्या काठीला टांगून शिजवतात. असा सिद्ध पारा धातूचे सोने करतो आणि देह अजर करतो, अशी श्रद्धा होती. (पाऱ्याची वाफ मज्जासंस्थेला घातक असते, याचा प्रत्यय साधकांना सोन्याआधीच आला असावा.) सातव्या शतकातील चिनी प्रवासी ह्युएन त्संग याने नोंदवलेल्या कथेत नागार्जुनाच्या औषधामुळे सातवाहन राजा मरेचना, तेव्हा गादीसाठी ताटकळलेल्या राजपुत्राने नागार्जुनाकडे त्याचे मस्तकच मागितले, त्याने ते गवताच्या पात्याने स्वतः कापून दिले आणि पाठोपाठ राजाही मेला.