बंगला भाड्याचा, भाकरी घरची!

थंडी पडली रे पडली, की ऑफिसच्या ग्रुपवर पहिला मेसेज येतो, ‘महाबळेश्वर की पाचगणी?’ मग सहा-आठ जण मिळून अख्खा बंगला बुक करतात. फोटोत किचन दिसतं एकदम झक्कास. प्रत्यक्षात शुक्रवारी रात्री मॅगी, शनिवारी हॉटेलबाहेर तासभर वेटिंग आणि त्या किचनमध्ये फक्त चहा. पैसे किचनचेही मोजलेत ना राव!

तर यंदा जानेवारीत जाणार असाल, तर भोगीचा बेत करा. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची मिसळीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. नेमकी भोगीला सुट्टी नसते. पीजीत राहणाऱ्यांची तर ती कित्येक वर्षं हुकलेली असते. मागचा-पुढचा वीकएण्ड साधला म्हणून तीळ रागावणार नाहीत.

निघण्यापूर्वी केअरटेकरला एक फोन करा. टोस्टर आहे का, हे विचारू नका, तो असतोच. कुकर, परात आणि लोखंडी तवा आहे का ते विचारा. कुकर नसेल तर घरचा गाडीत टाका. महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर. तिथे पाणी 95-96 अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात पावटा आणि शेंगदाणे तुमचा अंत पाहतात. कुकरमध्ये दाब वाढतो, पाणी जास्त तापतं आणि काम फत्ते. शेगडी इंडक्शनची निघाली तर फ्रीजवरचं मॅग्नेट भांड्याच्या बुडाला लावून बघा. चिकटलं तर भांडं चालेल.

भाजी वर जाऊन घेण्यापेक्षा पसरणी घाट चढण्याआधी वाईतच घ्या. सहा जणांना अर्धा किलो छोटी वांगी, पाव किलो गाजरं, पावट्याच्या आणि घेवड्याच्या शेंगा, हरभऱ्याची एक जुडी, मूठभर बोरं. शेंगदाणे, तीळ, गूळ, चिंच आणि काळा मसाला घरून. बाजरीचं पीठ मात्र ताजं दळलेलंच हवं, कारण ते लवकर कडू होतं. दोन-दोन भाकऱ्या धरल्या तर एक किलो पुरतं. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि बाजरी एकदम ‘इन’ झाली. आपल्या आज्यांना हे कळलं असतं तर त्या पदर लावून हसल्या असत्या!

खरा वेळ जातो तो सोलण्यात. पावटे आणि सोलाणे सोलायला एकट्याला दीड तास. सहा जण व्हरांड्यातल्या उन्हात परात घेऊन बसले तर वीस मिनिटं. इथेच ट्रिपची खरी धम्माल आहे. बॉसची नक्कल, कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, सगळं याच परातीभोवती निघतं. अर्धे सोलाणे तोंडात जातात, तेवढे जास्तच आणा.

भिजवलेले शेंगदाणे, पावटे आणि सोलाणे हिंग-हळदीच्या फोडणीत घालून, पाणी ओतून कुकरला दोन शिट्ट्या. वाफ गेली की वांगी, गाजर, घेवडा, बोरं आणि मसाला घालून नुसतं झाकण ठेवून शिजवा, नाहीतर वांग्याचं भरीत होईल. शेवटी चिंच, गूळ, मीठ आणि चार चमचे भाजलेल्या तिळाचं कूट.

आता भाकरी. बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून गरम पाण्यात आणि एकेका भाकरीपुरतंच मळायचं. थापून वर तीळ दाबायचे, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं. ते सुकायच्या आत उलटायची आणि दुसरी बाजू झाली की थेट आचेवर फुगवायची. इंडक्शनवर आच नाही, तर तव्यावरच फडक्याने कडा दाबा.

पण ग्रुपमधल्या जिला भाकरी येते, तिची ट्रिप ओट्यापाशीच संपते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. बाकीचे ‘गरम आण ना गं’ म्हणत बसलेले आणि ती शेवटी गार भाजी खाणार. हे नाही चालायचं. थापणारी एक, भाजणारा दुसरा, आणि पहिली फुगलेली भाकरी थापणारीच्या ताटात. चार भाकऱ्यांनंतर माणसं बदला. वाकड्या झाल्या तर वाकड्या. कुणालाच येत नसेल तर केअरटेकरच्या घरी दुपारीच भाकऱ्या सांगा, पैसे आधी ठरवून रोख द्या आणि भाजी आपण करा. यात काही कमीपणा नाही.

जेवणानंतर थंडी वाजते म्हणून बार्बेक्यूचे निखारे खोलीत नेऊन दारं-खिडक्या लावून घेऊ नका. त्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो. शेकोटी अंगणातच.

उरलेल्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवा. रविवारी चेकआउटच्या आधी गरम दुधात कुस्करा, वर गूळ. घाटात पोहोचेपर्यंत कुणी ‘भूक लागली’ म्हणणार नाही.