घरच्या जॉयस्टिकचे रुसवे

मैत्रिणींनो, मुलांनी घरी बनवलेला जॉयस्टिक चालेना, की "नवा बोर्ड हवा" अशी भुणभुण सुरू होते. कर्जत-खोपोलीहून दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोड गाठायचा, म्हणजे पैसेही गेले आणि रविवारही गेला! त्याआधी थोडी तपासणी घरीच करा.

हा नुसता खेळ नाही, बरं का. अर्धांगवायूने बोटांतला जोर गेलेल्या आजोबांना माऊस धरवत नाही, पण उभा दांडा मुठीत धरवतो. प्रोग्राम बदलून जॉयस्टिकला माऊसचे काम देता येते.

पहिली वायर. काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात. दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला पत्ताच नसतो. मोबाईलचे फोटो जिच्यातून कॉम्प्युटरवर जातात, ती वायर लावून पाहा.

दुसरा बोर्ड. आर्डुइनो युनो आर-थ्रीच्या मुख्य चिपमध्ये यूएसबीची सोय नाही, म्हणून तो सहजासहजी जॉयस्टिक होत नाही. लिओनार्दोच्या चिपमध्ये ती आहे. प्रोग्राम चढतच नसेल, तर लिओनार्दोचे रीसेट बटण दाबा. पुढची सुमारे ८ सेकंद तो नवा प्रोग्राम घ्यायला तयार असतो.

दांडा सोडला तरी बाण सरकतो? दांड्याचे माप ० ते १०२३ असते. मधोमध ५१२ यायला हवे, पण येते ५०० नाहीतर ५२५. मध्याच्या दोन्ही बाजूंचे तीसेक आकडे "स्थिर" धरायला प्रोग्राममध्ये सांगावे. हात थरथरत असेल तर ही मोकळीक वाढवावी.

बटण आपोआप दाबले जाते? त्याची पिन अधांतरी आहे. प्रोग्राममध्ये "इनपुट पुलअप" लिहावे आणि बटणाचे दुसरे टोक ग्राउंडला जोडावे. एकदा दाबले की दोनदा मोजले जात असेल, तर मध्ये २०-३० मिलिसेकंद थांबायला सांगावे.

आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात जोडण्या गंजतात, तेव्हा त्याही कोरड्या कापडाने पुसून घ्या.

आणि एक, एका वेळी एकच बदल! मीठ-तिखट एकदम घातले तर आमटी कशाने बिघडली, कसे कळणार? केलेला बदल वहीत टिपायला लावा, चाललेला प्रोग्राम वेगळा जपून ठेवा. मगच पर्स उघडा.